नैर्ऋत्येचा कोपरा

चपला मेहरूण तलावाच्या काठावर सापडल्या. एकमेकींना लावून, नीट ठेवलेल्या.

राजकुंवरने त्या लांबूनच ओळखल्या. उजव्या चपलेचा अंगठा तुटला होता आणि सरांनी तो तांब्याच्या तारेने बांधला होता. कालच वर्गात सगळे त्यावरून हसले होते.

"याच का?" फौजदार अभिमन देवऱ्यांनी विचारलं.

"हो. सुकदेव सरांच्याच."

तलावात भोई लोक दोन होड्यांतून गळ टाकत होते. गळ वर आला की काठावरची माणसं बोलायची थांबत. त्यातून शेवाळ निघे, की पुन्हा कुजबुज सुरू होई.

धुळ्याला सरांच्या आईला तार गेली होती. ताईबाई नावाची ती एकटी म्हातारी आता एसटीत बसली असेल, पारोळ्याच्या आसपास कुठेतरी असेल. ती इथे उतरेल तेव्हा तिला काय सांगायचं, याची वाक्यं राजकुंवर मनात जुळवून पाहत होती.

मोठ्या दुष्काळाच्या आधीची ती गोष्ट. दसरा नुकताच होऊन गेला होता. मेहरूण तेव्हा जळगावाबाहेरचं गाव होतं. आज जिथे बंगल्यांच्या रांगा आहेत, तिथे माणूस बुडेल एवढी उंच ज्वारी उभी असायची. गावच्या शाळेत पिकांचे आकडे काढणाऱ्या सरकारी नोकरांचा वर्ग भरला होता. कचेरीत बसून अंदाज ठोकायचे दिवस संपले, आता चिठ्ठीने शेत निवडायचं, दोरीने आखायचं, कापून, मळून, वजन करून पीक मोजायचं, असं नवं शास्त्र शिकवायला धुळ्याहून सुकदेव सर आले होते. वर्गात बाई एकच, कापडवाल्या फुलचंदशेठची राजकुंवर.

"दुकानात बसून कापड मोजायचं सोडून ही आता लोकांची वावरं मोजणार," असं फुलचंदशेठ येणाऱ्या गिऱ्हाइकाला सांगत. तक्रार म्हणून सुरू केलेलं वाक्य संपेपर्यंत कौतुकाचं होई.

"पितांबरभाऊ, पुन्हा एकदा सांगा," फौजदार म्हणाले.

पितांबरभाऊ कचेरीतले सर्वांत जुने. पिकल्या मिशा, हातात काठी, पायांना घोट्यापासून गुडघ्यापर्यंत घोंगडीच्या पट्ट्या. त्यांचा जोडीदार तोताराम साप चावून गेला, तेव्हापासून ते पट्ट्या बांधतात, असं सगळे सांगत. परवा सरांनी त्यांना वर्गापुढे उभं करून म्हटलं होतं, "यांच्याकडून शिका. यांचा आकडा कधी चुकलेला नाही." पुढच्या महिन्यात पुण्याला इतरांना शिकवायला त्यांनाच पाठवायचं ठरलं होतं.

"काय सांगू साहेब," पितांबरभाऊ म्हणाले. "पहाटे सर आणि मी निघालो. वर्ग यायच्या आत शेत आखून ठेवायचं होतं."

"कोणतं शेत?"

"हे काय, तलावाजवळची ज्वारी. सरांनी आकडे काढले, आत गेले. मी दोरीचं टोक धरलं. खुंट्या मारल्या. मग सर म्हणाले, हातपाय धुऊन येतो. बराच वेळ झाला. मला वाटलं, परस्पर शाळेत गेले."

"हाक मारली नाहीत?"

"मारली. उत्तर आलं नाही."

"पोहता येत होतं त्यांना?"

"ते मला काय ठाऊक, साहेब?"

राजकुंवर मध्येच बोलली. "पण भाऊ, काल तर चिठ्ठी लोटन आबांच्या भुईमुगाची निघाली होती. मीच काढली."

"हो, पण सरच म्हणाले, नवशिक्यांना आधी जवळची ज्वारी दाखवू."

काल तिने आकडा वाचला तेव्हा पितांबरभाऊच म्हणाले होते, "त्या मुरमाड रानात काय ठेवलंय? दुसरी चिठ्ठी काढा, सर. गेल्या वर्षी याच वावरात मी बाजरी कापली. कणसं तेवढी हातभर, पण चढ असा की दम निघतो." सर हसून म्हणाले होते, "भाऊ, आपल्या सोयीने शेत बदललं, तर चिठ्ठी काढायचीच कशाला?" हेच सर रात्रीतून बदलले?

एवढ्यात होडीवरून आरोळी आली. गळाला काहीतरी जड लागलं होतं. काठावरची गर्दी पुढे सरकली. राजकुंवरने डोळे मिटून घेतले.

पाण्यातून एक फाटकं गोणपाट वर आलं. आत विटा होत्या.

फौजदारांनी टोपी काढून घाम पुसला. "बाई, तुम्ही जरा शेतातलं सामान ओळखून या. पितांबरभाऊ, यांना दाखवा. मला इथून हलता यायचं नाही."

तलावापासून शेत हाकेच्या अंतरावर होतं. पितांबरभाऊ बांधावरून पुढे चालले होते. प्रत्येक पावलाआधी काठी जमिनीवर आपटत होते. मागे राजकुंवर. गर्दीचा आवाज हळूहळू मावळला आणि ज्वारीची सळसळ तेवढी राहिली. ऊन डोक्यावर आलं होतं.

"हे बघा," पितांबरभाऊ म्हणाले.

शेताच्या पूर्वेकडच्या बांधाला लागून ज्वारीचा एक तुकडा आखलेला होता. चार कोपऱ्यांवर चार खुंट्या. शेजारी विळा आणि गुंडाळलेला सुती दोर. तुकडा भरघोस होता. कणसं वजनाने वाकली होती.

राजकुंवरने दोर उचलला. दोर तिच्या ओळखीचा होता. काल वर्गात तिने विचारलं होतं, "सर, कोरं कापड धुतल्यावर आटतं. मग हा नवा दोर दहिवराने आटणार नाही का? मग आपलं मोजमाप चुकेल." सरांनी दोर बोटांत फिरवून पाहिला. मग म्हणाले, "हे मला पुस्तकात कुणी सांगितलं नाही. धुवा, ताणून वाळवा, आणि पुन्हा मापून घ्या." संध्याकाळी तिने स्वतः तो शाळेच्या हौदावर धुतला होता आणि ओसरीच्या खांबांना ताणून बांधला होता. पांढराशुभ्र झाला होता.

आता दोराच्या पिळांमध्ये तांबडी माती भरली होती.

तिने खाली पाहिलं. पायाखाली काळी कुळकुळीत जमीन. तांबडा कणही नव्हता.

मग तिला सरांचा पहिला धडा आठवला. शेताच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात उभं राहायचं. चिठ्ठीत येतील तेवढी पावलं कडेने, तेवढी आत. जिथे पोहोचाल तिथे खुंटी. तिथे पीक असो, दगड असो, वारूळ असो. बरं दिसतं म्हणून इकडेतिकडे सरकायचं नाही.

"भाऊ, सर कुठून मोजत आले?"

"नियमाप्रमाणे. त्या कोपऱ्यातून."

नैर्ऋत्य कोपरा शेताच्या पार दुसऱ्या टोकाला होता. तिथून इथे यायचं, तर सगळी ज्वारी तुडवत यायला हवं. ती बांधाबांधाने तिकडे गेली. गवत ताठ उभं होतं. धाटाधाटांमध्ये कोळ्यांची जाळी विणलेली होती, एकही तुटलेलं नव्हतं. आत शिरल्याची एक वाट नाही, एक मोडलेलं पान नाही.

या कोपऱ्यातून आज कुणीही आत गेलेलं नव्हतं.

म्हणजे हे शेत सरांनी आखलेलं नव्हतं. आणि सरांनी आखलं नसेल, तर सर इथे आलेच नव्हते. मग चपला तलावावर चालत गेल्या का?

"काय बघता एवढं, बाई?"

पितांबरभाऊ तिच्या मागे बांधावर येऊन उभे होते. विळा आता त्यांच्या हातात होता. त्यांनी तो मुद्दाम उचलला होता की सामान म्हणून, हे तिला कळेना.

"काही नाही. जाळी बघत होते."

"जाळ्यांत काय असतं?"

"कोळी," ती म्हणाली.

ते हसले नाहीत. त्यांनी जाळ्यांकडे पाहिलं, मग तिच्या हातातल्या दोराकडे.

"तो दोर इकडे द्या."

बांध अरुंद होता. एका बाजूला काटेरी कुंपण, समोर पितांबरभाऊ. गर्दीकडे जायची वाट त्यांच्या पलीकडे. ओरडलं तर कुणाला ऐकू जाणार? होडीवाल्यांच्या आरोळ्या सुरूच होत्या.

तिने त्यांच्या पायांकडे पाहिलं. घोंगडीच्या पट्ट्या. काठी. सकाळपासून या माणसाने एक पाऊलही बांधाखाली टाकलेलं तिने पाहिलं नव्हतं. आखलेला तुकडासुद्धा बांधाला चिकटून होता, हात लांब केला तर पुरेल असा.

साप तिच्याही मनात होते. लहानपणापासून तिला दोरीसुद्धा अंधारात उचलवत नसे. पण तिने साडीचा ओचा खोचला, दोर छातीशी धरला आणि ज्वारीत शिरली.

"बाई, बाहेर या."

पानं तोंडावर सपासप बसत होती. जाळी डोळ्यांवर चिकटली. पायाखाली काहीतरी सरसरलं, ती थिजली, आणि पुन्हा चालू लागली.

"राजकुंवरबाई, बाहेर या म्हणतो ना. आत जनावर असतं."

आवाज जागच्या जागी होता, पुढे सरकत नव्हता. तिने ओठ घट्ट मिटले आणि चढाच्या दिशेने चालत राहिली. वर आभाळाची पट्टी तेवढी दिसत होती. मागचा आवाज आता ओरडण्याचा राहिला नव्हता, विनवण्याचा झाला होता. "ऐका हो, बाई. तोतारामही असाच आत गेला होता." तो आवाज ऐकून तिला विळ्यापेक्षा जास्त भीती वाटली.

ज्वारी संपली तशी तांबडी माती लागली.

तलावाच्या वरच्या अंगाला ते एकच मुरमाड रान होतं. लोटन आबांचं भुईमुगाचं वावर. आबा बाजाराला जामनेरला गेले होते. त्यांची बायको भागाबाई बांधावर काठी घेऊन एका कुत्र्याला हाकलत होती.

"काय व्हयनं वं माय? कोन लागनं मांगे?"

"मावशी, सकाळी इथे कुणी आलं होतं?"

"माले काय माहीत? मी आत्तेच वनू. हाई कुत्रं सकायपाईन भुकी राह्यनं, गावपावत आयकू ये. हेरजोडे जास नि भुकस. माले वाटनं, साप व्हई."

"हेर? इथे विहीर आहे?"

"कोल्ली शे. गयसाल खंदी. पानीच लागनं नही."

"गेल्या वर्षी? मग गेल्या वर्षी इथे बाजरी नव्हती?"

"कसानी बाजरी?" भागाबाई तोंडावर पदर घेऊन हसली. "बठ्ठं रान पडीत व्हतं. हेरना मुरूम पडेल व्हता आठे. दगडमा बाजरी व्हस का, बहीन?"

राजकुंवर पुढचं ऐकायला थांबली नाही. रानाच्या नैर्ऋत्य कोपऱ्यातून भुईमुगात एक पायवाट आत गेली होती, दबलेल्या वेलांची, अगदी सरळ. ती वाट मुरमाच्या ढिगाशी थांबत होती. तिथे खुंटी उपटल्याचं ताजं भोक होतं. पलीकडे कठडा नसलेली विहीर.

काठावर पोटावर झोपून तिने आत पाहिलं. काळोख. हाक मारावी तर उत्तर येणार नाही, याची धास्ती. शेवटी तिने मारली.

"सर?"

काही नाही. कुत्रं भुंकायचं थांबलं.

"सुकदेव सर?"

खालून खडा हलल्यासारखा आवाज आला. मग कुणीतरी कण्हलं.

भागाबाई गावाकडे ओरडत धावली.

माणसं आली, खाट आली, बैलांच्या मोटेचा जाड सोलदोर आला. सर वर आले तेव्हा पाय मोडलेला होता, डोक्यावर रक्त वाळलेलं होतं आणि तहानेने जीभ उचलत नव्हती. पण छाती हलत होती. वैद्य म्हणाले, आणखी काही तास विहिरीत राहिले असते तर हाती लागले नसते. राजकुंवर बांधावर बसून रडली. कुणी तिला गप्प केलं नाही.

पितांबरभाऊ पळाले नव्हते. ज्वारीच्या बांधावरच बसून होते. शिपायाने त्यांना वर आणलं. मग निंबाखाली फौजदारांनी विचारलं, "बाई, सगळं गाव पाण्यात शोधत होतं. तुम्ही रानात कशा आलात?"

"दोरामुळे," राजकुंवर म्हणाली. "काल संध्याकाळी मी तो धुतला. आज त्यात तांबडी माती होती. तांबडी माती जवळपास फक्त इथे. म्हणजे दोर आज सकाळी इथे ताणला गेला. आमच्या चिठ्ठीचं शेतही हेच. सर चिठ्ठी बदलणारे नव्हते."

"आणि खालचं शेत?"

"तिथे खुंट्या होत्या, पण कोपऱ्यापासून त्या खुंट्यांपर्यंत कुणी चाललेलंच नव्हतं. जाळीसुद्धा शाबूत होती. तो तुकडा बांधावर उभं राहून आखलेला. शिवाय शेतातलं सगळ्यांत चांगलं पीक निवडलेलं. चिठ्ठी असं चांगलं-वाईट बघत नाही, साहेब. ते माणूस बघतो."

"ते यांनीच आखलं, हे कशावरून?"

"सर आत गेले, मी टोक धरलं, असं हेच म्हणाले. आत कुणी गेलंच नव्हतं, म्हणजे हे खोटं. मी ज्वारीत शिरले, तेव्हा हे माझ्यामागे येऊ शकले असते. आले नाहीत. पिकात पाऊल टाकायला ज्याला भीती वाटते, तोच असं बांधाला चिकटवून शेत आखेल." ती थांबली. पुढचं बोलायला तिला जड जात होतं. "आणि भाऊ, गेल्या वर्षी तुम्ही इथे बाजरी कापली म्हणालात. गेल्या वर्षी इथे ही विहीर खणत होते. तुम्ही इथे आलाच नव्हता. सरांनी विहीर पाहिली आणि तेच विचारलं, ना?"

पितांबरभाऊंनी मान खाली घातली. काठीने जमिनीवर एक रेघ ओढली, पुसली.

"आम्ही पाचोऱ्याकडे ज्वारी मोजत होतो," ते म्हणाले. "दोराचं एक टोक माझ्या हातात, दुसरं तोतारामच्या. धाटं एवढी उंच की तो दिसत नव्हता. मी दोर ओढला. ताण लागला नाही. दोर नुसताच माझ्याकडे आला."

त्यांनी काठी बाजूला ठेवली.

"त्यानंतर मी पिकात गेलो नाही. चावडीवर बसून म्हाताऱ्यांना विचारायचो, आभाळ बघायचो आणि आकडा लावायचो. बरोबर यायचा. लोक म्हणायचे, पितांबरचा आकडा चुकत नाही. मग कुणाला सांगू, की पितांबर शेतातच जात नाही?"

"आणि आज सकाळी?" फौजदारांनी विचारलं.

"सरांनी चपला बांधावर काढल्या. पिकात ते अनवाणी जायचे. दोर घेऊन ढिगापर्यंत गेले, पाठीमागे रेलून ताण दिला. मी इथे बांधावर, टोक धरून. त्यांनी मागे विहीर पाहिली. म्हणाले, भाऊ, ही तर यंदाची दिसत नाही. गेल्या वर्षी तुम्ही बाजरी कापली कुठे?" पितांबरभाऊंनी दोन्ही हात पुढे केले आणि त्यांकडे पाहिलं. "मी ढकललं नाही, साहेब. मी फक्त टोक सोडलं."

"हाक मारलीत?"

"मारली. आवाज आला नाही. विहिरीकडच्या बांधाने ढिगाजवळ गेलो, खुंटी उपटून दोर ओढून घेतला, पण आत वाकून बघायची हिंमत झाली नाही. मग मी चपला उचलल्या."

फौजदारांनी शिपायाला खूण केली. जाताना पितांबरभाऊ राजकुंवरपुढे थांबले. "आत काही चावलं नाही ना, बाई?" त्यांनी विचारलं. ते खरंच विचारत होते.

उन्हं कलली तेव्हा एसटीतून ताईबाई उतरली. हातात पिशवी, डोळे कोरडे. वाटेत बसस्टँडवर कुणीतरी तलावाचं नाव तिच्या कानावर घातलं होतं.

"कोठे शे मना सुकदेव?" तिने विचारलं.

"दवाखान्यात, आजी. पाय मोडलाय. बोलताहेत," राजकुंवर म्हणाली.

ताईबाईने तिचा हात धरला आणि दवाखान्यापर्यंत सोडला नाही.

वर्ग मोडला नाही. सरांनी खाटेवरून निरोप धाडला, की चिठ्ठी निघालेलं शेत मोजल्याशिवाय कुणी घरी जायचं नाही. दुसऱ्या दिवशी राजकुंवर नैर्ऋत्येच्या कोपऱ्यात अनवाणी उभी राहिली. तिने पावलं टाकली, मुरमाच्या ढिगापर्यंत गेली, ढिगावरच खुंटी मारली. तिथे भुईमुगाचा एक वेल नव्हता. तिने तसंच सांगितलं.

पुढे कितीतरी वर्षं तिने जळगावात आणि धुळ्यात नव्या मुलामुलींना हे काम शिकवलं. दोर धुवायचा, ताणून वाळवायचा, कोपरा चुकवायचा नाही, सगळं शिकवलं. पण दोर ताणण्याआधी ती दर वेळी क्षणभर थांबायची. पिकाच्या वरून टाचा उंचावून बघायची, दुसरं टोक कुणी धरलंय ते. त्या माणसाला नावाने हाक मारायची. ओ आली, की मगच ताण द्यायची.